पन्नास पैशांत एक चाल: टपालाने बुद्धिबळ आणि डिप्लोमसी खेळायला पोस्टाच्या सेवा कितपत कामाच्या?

पोस्टकार्ड अजूनही पन्नास पैशांना मिळतं. चौदा बाय नऊ सेंटिमीटरचा हा पिवळसर कागद १ जुलै १८७९ पासून भारतात चालू आहे आणि टपालाने बुद्धिबळ खेळायला त्याहून सोयीचं साधन आजही दुसरं नाही. पण टपालाने खेळायचा प्रत्येक खेळ कार्डावर चालत नाही. डिप्लोमसीसारख्या सात जणांच्या, नकाशावर गुपचूप करार करत खेळायच्या खेळात कार्ड वापरलं तर डावाचा विचका होतो. म्हणून कार्ड, अंतर्देशीय पत्र, पाकीट आणि स्पीड पोस्ट या चारही सेवा मुंबईत बसून खेळणाऱ्याच्या दृष्टीने इथे तपासल्या आहेत.

आधी बुद्धिबळ. चाळीस चालींचा डाव म्हणजे दोघांची मिळून ऐंशी कार्डं, एकूण चाळीस रुपये. प्रत्येकी वीस रुपयांत वर्षभराचा खेळ होतो. वेळ मात्र अंतरावर मोजू नका. दादरहून पार्ल्याला लोकल अर्ध्या तासात पोचते, पण कार्डाला पेटी उघडण्याची वेळ, वर्गीकरण आणि पोस्टमनची फेरी हे तिन्ही टप्पे पार करावेच लागतात. एक कार्ड जाऊन उत्तराचं कार्ड येईपर्यंत दहा दिवस धरले, तर चाळीस चालींना चारशे दिवस लागतात. एवढी तयारी असेल तरच डाव मांडावा. नाहीतर विसाव्या चालीला एकजण गप्प होतो आणि दुसरा वाट बघत राहतो.

चाली लिहायला आंतरराष्ट्रीय पत्रबुद्धिबळ महासंघाची, म्हणजे १९५१ साली स्थापन झालेल्या आयसीसीएफची, अंकी पद्धत सगळ्यात चांगली. पटाचे आठ उभे रकाने डावीकडून १ ते ८, आडव्या ओळी पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८. सोंगटी निघाली ते घर आणि पोचली ते घर, असे चार आकडे लिहायचे. राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे म्हणजे ५२५४. राजाच्या बाजूचा पांढरा घोडा उंटापुढे आला की ७१६३. किल्लेकोटात, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलतात तेव्हा, फक्त राजाची हालचाल लिहायची, म्हणजे पांढऱ्याचा छोटा किल्लेकोट ५१७१. प्याद्याची बढती झाली तर पाचवा आकडा जोडायचा: वजीर १, हत्ती २, उंट ३, घोडा ४. ‘उंट’ की ‘बिशप’, ‘वजीर’ की ‘राणी’ हा प्रश्नच उरत नाही, त्यामुळे चेन्नईच्या किंवा कोलकात्याच्या खेळाडूशीही याच आकड्यांत खेळता येतं.

इथे मराठी माणसाला एक गोष्ट जपावी लागते. देवनागरी ४ घाईत लिहिला की इंग्रजी आठासारखा दिसतो आणि देवनागरी ५ इंग्रजी चारासारखा. दोघांपैकी एकजण देवनागरी आणि दुसरा इंग्रजी अंक लिहीत असेल, तर ५४ चं ४८ किंवा ४८ चं ८८ व्हायला वेळ लागत नाही, आणि ती चाल योगायोगाने नियमात बसली तर चूक दोन-तीन कार्डांनंतर उघडकीस येते. पहिल्याच कार्डावर एक लिपी ठरवा. १ आणि ९ ची गल्लत मात्र बाधत नाही, कारण या पद्धतीत ९ आणि ० येतच नाहीत.

कार्डावर काय लिहायचं त्याचा हा नमुना:

डाव १
चाल २, तुमची: २८३६, मिळाली ४ जून
चाल ३, माझी: ६१२५, टाकली ६ जून
माझे दिवस: या चालीला २, एकूण ५
जर १७१६, तर २५१४

समोरच्याची चाल परत लिहायची, ही ओळ नवखे सर्रास गाळतात. तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. तुम्ही काय वाचलंत हे समोरच्याला त्यातूनच कळतं आणि वाचण्यातली चूक एकाच फेरीत पकडली जाते. शेवटची ओळ सशर्त चालीची. समोरच्याने प्यादं १७१६ असं सरकवलं तर आपला उंट २५१४ असा मागे जाणार हे आधीच कळवलं, की एक पूर्ण फेरी वाचते. तो उलट कार्डावर १७१६, २५१४ आणि लगेच आपली पुढची चाल ७८६६ लिहून पाठवू शकतो. ओळखीच्या सुरुवातीत आणि मारामारीत जिथे उलट मारणं भागच आहे तिथे अशा चाली भरपूर द्या. डाव मध्यावर आला की हात आखडता घ्या. दिलेली सशर्त चाल मागे घेता येत नाही, आणि ‘काहीही खेळलास तर’ असं लिहिणं हे तर समोरच्याच्या हातात आपला वजीर देण्यासारखं आहे. पत्रबुद्धिबळात सोंगटीला हात लावल्याने काही बांधील होत नाही, पण पेटीत पडलेली नियमात बसणारी चाल बांधील असते, मग ती लिहिण्यातली चूक का असेना. म्हणून कार्ड लिहून झालं की पटावर त्याच आकड्यांनी चाल पुन्हा करून बघायची आणि मगच पेटीकडे जायचं.

वेळेसाठी टपाली डावांचा जुना नियम दहा चालींना तीस दिवस असा आहे आणि तो पुरेसा आहे. कार्ड मिळाल्यापासून उत्तर टाकेपर्यंतचेच दिवस मोजतात, प्रवासाचे नाही. वाचलेले दिवस पुढच्या दहा चालींत वापरता येतात. टाकल्याची तारीख पोस्टाच्या शिक्क्यावरून पडताळतात, आणि पोस्टकार्डाची खरी अडचण इथेच आहे. उशिराची तक्रार सगळे करतात, पण टपाली खेळात उशीर हिशेबात धरलेलाच असतो. उणीव आहे ती पुराव्याची. शिक्का अनेकदा पुसट येतो, कधी निम्मा कार्डाच्या कडेबाहेर जातो, आणि हरवलेल्या कार्डाचा माग कुठेच नसतो. पोस्टिंग सर्टिफिकेटची स्वस्त सोय २०११ मध्ये बंद झाली. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्टही स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. म्हणजे पुरावा हवा असेल तर आता स्पीड पोस्ट, आणि ते दर चालीला परवडणारं नाही. त्यातून मार्ग असा: दोन आठवडे आणि नेहमीचा प्रवास एवढा काळ उत्तर आलं नाही, तर तीच चाल, त्याच जुन्या तारखेसह, वर ‘पुनः’ लिहून दुसऱ्या कार्डावर पाठवायची. दुसऱ्या स्मरणपत्रालाही उत्तर नसेल तरच स्पीड पोस्ट करायचं. डाव हरला असं धरण्यापूर्वी हे एकदा करणं न्यायाचं आहे.

कार्ड पोचण्यात निम्मा वाटा पत्त्याचा असतो. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू आहे, आणि कार्डावर त्यासाठी सहा चौकोनही छापलेले असतात. पार्ले पूर्व ४०००५७ आणि पार्ले पश्चिम ४०००५६. एका आकड्याने कार्ड रुळांच्या पलीकडे जातं. डोंबिवलीकराच्या पत्त्यावर सवयीने ‘मुंबई’ लिहू नका, तिथला पिन ४२१ ने सुरू होतो. सोसायटीत विंग आणि खोली नंबर हवाच, चाळीत मजला. महाराष्ट्राबाहेर जाणाऱ्या कार्डावर पत्ता इंग्रजीत लिहा. पेन साधं बॉलपेनच घ्या. जेलची शाई पावसाळ्यात पसरते, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुंबईत कार्ड कुठे ना कुठे भिजतंच. छोट्या पोस्टात कधी कार्डं शिल्लक नसतात, म्हणून पन्नासाचा गठ्ठा एकदम घेऊन ठेवा, पंचवीस रुपयांचं काम. कार्डावर पटाचं चित्र छापून घ्यायचा मोह टाळा, छापील मजकुराच्या कार्डाला सहा रुपये पडतात.

घरी प्रत्येक डावाला वेगळा पट नसला तरी चालेल, पण डावाची स्थिती ठेवलेल्या पटावर विचार करू नका. चाचपून बघताना हललेलं एखादं प्यादं परत जागेवर जात नाही आणि पुढची चाल खोट्या पटावरून निघते. एक छोटा चुंबकी पट स्थितीसाठी, दुसरा विचारासाठी. संगणकाची मदत चालेल की नाही हे पहिल्याच कार्डावर लिहून ठरवा. आयसीसीएफच्या सर्व्हरवरच्या डावांत ती चालते, पण मित्रांच्या डावात नको असं आमचं स्पष्ट मत आहे. पुस्तकं पहिल्यापासून चालत आली आहेत.

आता डिप्लोमसी. अ‍ॅलन कॅलहॅमर यांचा हा खेळ १९५९ मध्ये विक्रीला आला आणि १९६३ मध्ये अमेरिकेत जॉन बोर्डमन यांनी तो टपालाने सुरू केला. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया-हंगेरी, रशिया आणि तुर्कस्तान, असे सात खेळाडू. नकाशावर ३४ रसदकेंद्रं, त्यांतली १८ घेईल तो जिंकला. फासे नाहीत, पत्ते नाहीत. सगळे एकाच वेळी लेखी हुकूम देतात आणि त्याआधी एकमेकांशी गुपचूप करार करतात. टपाल या खेळाला मुळातच शोभतं. वेगळा पंच मात्र लागतो. तो सगळ्यांचे हुकूम एका तारखेला उघडतो आणि निकाल पाठवतो. हुकुमांची अशी एक फेरी म्हणजे खेळातला एक मोसम, आणि दोन मोसमांचं एक खेळवर्ष.

इथे पोस्टकार्ड बाद. उघड्या कार्डावर ‘पुढच्या मोसमात ऑस्ट्रियावर चाल करू’ असं लिहिलं आणि ते खेळाडूच्या टेबलावर पडून राहिलं, की बातमी फुटलीच. करारांसाठी अडीच रुपयांचं अंतर्देशीय पत्र अगदी योग्य: बंद होतं आणि दोन पानं मजकूर मावतो. आत वेगळा कागद घालायची परवानगी नसते, त्यामुळे नकाशा पाठवायचा तर पाच रुपयांचं पाकीट. हुकूमही अंतर्देशीयावरच पाठवा. मोसमाला तीन करारपत्रं आणि एक हुकूमपत्र म्हणजे दहा रुपये. पंचाची सात निकालाची पाकिटं पस्तीस रुपयांची, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पाच. दहा खेळवर्षांचे वीस मोसम धरले तर माणशी तीनशे रुपये, झेरॉक्स वेगळी. मोसमाला तीन आठवडे दिले तर डाव साठ आठवडे चालतो. पावसाळ्यात चार आठवडे द्यावेत.

बुद्धिबळातून येणारे एक चूक हमखास करतात. तिथे पत्र टाकल्याची तारीख मोजतात, इथे पंचाच्या हाती पडल्याची. मुदतीच्या आदल्या दिवशी जीपीओच्या पेटीत टाकलेले हुकूम काही कामाचे नाहीत. हुकूम आले नाहीत तर तुमच्या सगळ्या फौजा जागेवर उभ्या राहतात आणि शेजारी आत घुसतो. उपाय सोपा आहे: मोसम सुरू होताच तात्पुरते हुकूम पाठवून ठेवायचे, करार ठरले की सुधारित हुकूम. शेवटी मिळालेले ग्राह्य. प्रत्येकावर देश, मोसम, खेळवर्ष, तारीख आणि सही.

हुकुमांत प्रांतांची नावं पूर्ण लिहा. ‘नॉर’ म्हणजे नॉर्वे, नॉर्थ सी की नॉर्वेजियन समुद्र? ‘लिव्ह’ म्हणजे लिव्हरपूल की लिव्होनिया? संदिग्ध हुकूम पंच रद्द करतो आणि तोच बरोबर असतो. सेनेला ‘से’, आरमाराला ‘आ’ पुरे: ‘से पॅरिस – बर्गंडी’, ‘आ लंडन – नॉर्थ सी’. पाठिंबा देताना कोणाच्या कुठून कुठे जाणाऱ्या फौजेला, हे पूर्ण लिहायचं. स्पेन, बल्गेरिया आणि सेंट पीटर्सबर्गला दोन-दोन किनारे आहेत, तिथे आरमार नेताना किनारा लिहिला नाही तर हुकूम वाया जाऊ शकतो. माघार आणि नव्या फौजांसाठी वेगळी फेरी ठेवली तर डाव लांबतो, म्हणून तेही सशर्त लिहून घ्यावं: ‘हुसकावलं तर गॅस्कनी, ती अडली असेल तर मोडीत.’

पंच मुंबईतलाच असावा असं नाही, पण सात जणांपैकी बहुतेक जिथे राहतात तिथलाच असला तर प्रत्येक मोसमात दिवस वाचतात. आणि एक राखीव खेळाडू आधीच ठरवून ठेवावा. कोणाचे सलग दोन मोसम हुकूम आले नाहीत, की पंचाने त्या देशाचा शेवटचा निकाल आणि नकाशा त्याच आठवड्यात राखीव खेळाडूकडे स्पीड पोस्टने पाठवायचा. या खेळात स्पीड पोस्टचे पैसे वसूल होतात ते एवढ्याच कामाला.