असरचं एक पान आणि त्यानंतरचा तास

‘प्रथम’ संस्थेच्या असर सर्वेक्षणातलं, म्हणजे गावोगावच्या मुलांचं वाचन आणि गणित तपासणाऱ्या पाहणीतलं, वाचनाचं पान २००५पासून वापरात आहे. फुकट मिळतं, छापायला सोपं आहे, त्यामुळे सर्वेक्षणाबाहेर सरकारी शाळांमध्येही ते बरंच फिरलं. तिसरी ते पाचवीच्या शिक्षकाला ते रोजच्या कामात किती उपयोगी पडतं आणि कुठे फसवतं, एवढ्यापुरतंच हे परीक्षण.

पानावर चार भाग आहेत: अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची सात ते दहा वाक्यांची गोष्ट. मूल पाचवीतलं असलं तरी पान हेच. सुरुवात परिच्छेदापासून करायची. पुष्कळ शाळांत ती अक्षरांपासून होते आणि निम्मा वेळ तिथेच जातो. परिच्छेद मधली पायरी असल्यामुळे तिथून एक पायरी वर किंवा एक-दोन पायऱ्या खाली गेलं की काम संपतं.

परिच्छेदात तीनपर्यंत चुका चालतात आणि सावकाश वाचलं तरी चालतं. वाक्य मात्र वाक्यासारखं वाचलं पाहिजे. एकेक शब्द सुटा टाकत जाणारं मूल अजून त्या पातळीवर आलेलं नाही. परिच्छेद जमला की गोष्ट द्यायची. नाही जमला तर कोणतेही पाच शब्द वाचायला सांगायचे, त्यातले चार बरोबर हवेत. तेही नाही जमलं तर पाच अक्षरं, त्यातही चार बरोबर. अक्षरंही अडली तर मूल प्रारंभिक पातळीवर. एका मुलाला चार-पाच मिनिटं धरली तर तीस मुलांना दोन-अडीच तास लागतात. ही कामं दोन दिवसांत वाटून घ्यावीत. एका बैठकीत उरकायला गेलं की शेवटच्या दहा मुलांची नोंद अंदाजाने होते.

नोंदीत दोन जागा घोटाळ्याच्या. ‘पाणी’ला ‘पानी’ किंवा ‘शाळा’ला ‘शाला’ म्हणणारं मूल घरची बोली बोलतंय, ती वाचनाची चूक नव्हे. भ-म, घ-ध, थ-य यांची अदलाबदल मात्र खरी चूक. दुसरी जागा शब्दांची. ‘का… म…’ असं जोडत शेवटी ‘काम’ म्हटलं तर शब्द वाचला. सुटे आवाज काढून मूल थांबलं तर नाही. मूल अडलं की शेजारचा ओठ हलवतो, म्हणून चाचणी वर्गात नको, व्हरांड्यात घ्या. पानाचे चार वेगवेगळे नमुने असतात; ते आलटून पालटून वापरले नाहीत तर चौथ्या-पाचव्या मुलाला परिच्छेद ऐकूनच पाठ झालेला असतो.

गणिताचं पान त्यामानाने रूक्ष. तिथे सुरुवात दोन अंकी हातच्याच्या वजाबाकीने होते. दोन उदाहरणं, दोन्ही बरोबर हवीत. जमली तर तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायचं, नाहीतर खाली ११ ते ९९ची अंकओळख आणि मग १ ते ९. मराठीत या अंकओळखीला एक खास अडचण आहे. ‘पंचेचाळीस’ ऐकताना पाच आधी येतो, लिहिताना चार. त्यात ३९ला ‘एकोणपन्नास’ म्हणणारी मुलं वेगळीच. अशा मुलाच्या हातात काड्या आणि दहा-दहाचे गठ्ठे देऊन पाहावं. ४५ मांडता आले तर त्याला संख्या कळते, फक्त नाव चुकतंय. संख्या न कळणाऱ्या आणि फक्त नाव चुकणाऱ्या मुलांना एकाच गटात टाकणं चूक, आणि पान हा फरक दाखवत नाही.

आता खरी गोष्ट. चाचणीने कुणाचंही वाचन सुधारत नाही. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात हे नीट तपासलं गेलं. गावकऱ्यांना मुलांची पातळी दाखवून शाळेतलं शिकणं सुधारलं नाही. गावातल्या स्वयंसेवकांनी रोज वाचनवर्ग घेतले तेव्हा वर्गाला आलेल्या मुलांचं वाचन सुधारलं. म्हणून पानाची किंमत त्यानंतरच्या तासावर ठरते.

तो तास असा चालतो. तिसरी, चौथी, पाचवीची मुलं इयत्ता विसरून पातळीप्रमाणे तीन गटांत बसवायची: प्रारंभिक आणि अक्षर एकत्र, शब्द वेगळा, परिच्छेद आणि गोष्ट एकत्र. पहिल्या गटात बाराखडीचा तक्ता रोज, मोठ्याने, बोट फिरवत. सोबत एक छोटी गोष्ट शिक्षकाने वाचायची आणि मुलांनी मागून वाचायची. तक्ता आहे म्हणून गोष्ट टाळायची नाही. नुसती अक्षरं घोकणाऱ्या गटाला वाचन कशासाठी करायचं हेच कळत नाही. शब्द गटात शब्दांचे खेळ आणि छोटी वाक्यं. वरच्या गटात वाचलेलं स्वतःच्या शब्दांत सांगणं, मग दोन-तीन वाक्यं लिहिणं. काही आठवड्यांनी दुसऱ्या नमुन्याने पुन्हा तपासायचं आणि वर गेलेल्या मुलाला त्याच दिवशी गट बदलून द्यायचा.

बिघडतं ते बहुतेक इथेच. पहिल्या दिवशी पडलेले गट वर्षभर तसेच राहतात आणि मुलं त्यांना ‘हुशार’ आणि ‘ढ’ अशी नावं ठेवून मोकळी होतात. सगळ्यात खालचा गट वरच्या इयत्तेतल्या मुलावर सोपवला जातो. त्या गटाला तर सगळ्यात कसलेला शिक्षक हवा. दोन शिक्षकी शाळेत तीन गट झेपत नाहीत. तिथे वरच्या गटाला वाचायला पुस्तकं देऊन स्वतंत्र बसवावं आणि दोघांनी खालचे दोन गट घ्यावेत.

शिक्षकांनाच जमत नाही, ही तक्रार बिहारच्या अनुभवापुढे टिकत नाही. २००८च्या उन्हाळ्यात तिथल्या सरकारी शिक्षकांनी महिनाभराची शिबिरं घेतली आणि मुलांची प्रगती झाली. शाळेच्या वर्षात मात्र प्रशिक्षण आणि साहित्य देऊनही विशेष फरक पडला नाही, कारण अभ्यासक्रम पूर्ण करण्याची घाई सुटत नव्हती. हरियाणात २०१२-१३मध्ये वेळापत्रकातच रोजचा वेगळा तास राखला आणि शाळांवर देखरेख करणाऱ्यांनाही तेच शिकवलं, तेव्हा भाषा सुधारली, गणित नाही. मोकळ्या वेळात बघू, असं ठरवलेला तास सरकारी शाळेत उरतच नाही. निवडणूक, माहिती भरणं, सर्वेक्षण, काहीतरी निघतंच.

पानाचं सगळ्यात मोठं नुकसान अधिकाऱ्यांनी ते प्रगतिपुस्तक मानलं की होतं. केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, शाळांची टक्केवारी लावली, खालच्या शाळांना नोटीस गेली, की पुढच्या फेरीत परिच्छेद फळ्यावर उतरतो. केंद्रप्रमुखाने टक्केवारी मागण्याऐवजी दोन मुलांना स्वतः वाचायला लावावं आणि मागच्या वेळी ती कोणत्या गटात होती ते विचारावं.

पानाला छतही आहे. दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचणारं पाचवीतलं मूल पानाच्या दृष्टीने ‘झालं’. त्याला इतिहासाच्या धड्यातला परिच्छेद समजतो का, चार ओळी लिहिता येतात का, पान गप्प. त्या मुलांसाठी त्यांच्याच पाठ्यपुस्तकातलं न शिकवलेलं एक पान उघडावं, मनात वाचायला पाच मिनिटं द्यावीत आणि पुस्तक मिटून काय वाचलं ते सांगायला लावावं. निम्मी मुलं इथे अडकतील, हे धरून चाला.

तिसरी ते पाचवीच्या, वाचन मागे राहिलेल्या वर्गाला पहिल्या आठवड्यात घ्यायलाच हवं असं साधन. पहिली-दुसरीत त्याचा उपयोग कमी, सहावीनंतर फक्त मागे राहिलेल्यांसाठी. आणि तासाची जागा वेळापत्रकात आधी पक्की होत नसेल, तर चाचणी घेण्यात दोन दिवस घालवू नका.