आयोवा की नेब्रास्का? कोच टिकवायचा की बदलायचा

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधे (हातात बॉल घेऊन खेळतात ते) शेजारशेजारच्या दोन राज्यांच्या विद्यापीठ टीम्सचं उदाहरण बघा. आयोवाने १९९९ला कर्क फेरेन्ट्झला कोच म्हणून आणलं, पहिल्या सीझनला १ विजय १० पराभव, दुसऱ्याला ३-९, आजच्या काळात हाकललंच असतं ना त्याला, पण थांबले आणि २००२ला ११-२! त्याची पद्धत म्हणजे आधी लाइनमन (समोरच्यांना अंगाने अडवणारे पुढच्या फळीतले खेळाडू) घडवायचे, त्याला वर्षं लागतातच.

नेब्रास्काने उलटं केलं. त्यांचा कोच पेलिनी, त्याने सातही सीझन किमान ९ मॅच जिंकल्या तरी २०१४ला काढला, मग रायली, मग फ्रॉस्ट, आणि २०१७ ते २०२३ एकही बोल गेम (चांगल्या टीम्सना सीझनच्या शेवटी मिळणारी खास मॅच) नाही. दर नव्या कोचबरोबर सिस्टीम नवी, जुन्या सिस्टीमसाठी घेतलेली पोरं मधेच अडकतात, वाईट वाटतं त्यांचं. फ्रॉस्टला मात्र चार सीझन देऊनही जमलं नाही, हेही खरंय. तरी मी आयोवाच्याच बाजूने.