परसातली खेळपट्टी: टर्फ की मुरूम-माती?

क्रिकेटची खेळपट्टी २०.१२ मीटर लांब. परसात तेवढी सलग जागा नसेल तर मुलांना आखूड पट्टी आणि भोवती जाळी पुरते.

टर्फचं, म्हणजे प्लास्टिकच्या कृत्रिम गवताचं, खरं काम गालिचाच्या खाली असतं. माती उकरून खडीचे थर द्यायचे, रोलरने दाबायचे, शंभर फुटांना फूटभर उतार ठेवायचा. यात कसर केली की पहिल्याच पावसाळ्यात जागोजागी पाणी साचतं. गवताचं पातं आखूडच घ्या, साधारण १० मिलिमीटरचं. फुटबॉलचं लांब पातं चेंडूचा वेग खातं. पाऊस थांबला की तासाभरात खेळ सुरू, हे सुख मोठं. पण मे महिन्यातल्या दुपारी हे प्लास्टिक असं तापतं की अनवाणी पाऊल ठेववत नाही, आणि शिंपडलेल्या पाण्याचा गारवा फार टिकत नाही.

मुरूम-माती स्वस्त. रोज पाणी मारा, रोलर फिरवा, भेगा बुजवा. पावसाळ्यात खेळ बंद. उसळी मात्र दर आठवड्याला वेगळी, त्यामुळे मुलं चेंडू शेवटपर्यंत बघायला शिकतात. आंब्याची सावली पडते तिथे तर मी मातीच ठेवेन. झाडाच्या मुळांनाही पाणी मिळत राहतं.