उसनं जुनं व्हायोलिन की स्वतःचं नवं?

शिक्षण संपवून व्यावसायिक वादनाकडे वळणाऱ्या व्हायोलिन, व्हायोला किंवा चेलोवादकाला चांगल्या वाद्याची किंमत पहिल्यांदा कळते, तेव्हा आपली कमाई आणि ती रक्कम यांचा मेळ कुठेच बसत नाही. इटलीचा जुना, सर्वांत नावाजलेला व्हायोलिन कारागीर अंतोनियो स्ट्रॅडिव्हरी याचं १७२१ सालचं ‘लेडी ब्लंट’ हे व्हायोलिन २०११ मध्ये सुमारे १ कोटी ५९ लाख डॉलरला विकलं गेलं. हे टोकाचं उदाहरण झालं. पण त्याहून कितीतरी कमी नावाजलेली जुनी इटालियन वाद्यंही घराच्या किमतीला जातात. स्ट्रॅडिव्हरीची साधारण साडेसहाशे वाद्यं उरली आहेत, त्यात भर पडणार नाही, आणि ती घ्यायला वादकांसोबत संग्राहक व गुंतवणूकदारही उभे असतात.

मग वादकापुढे वाटा उरतात त्या अशा: संस्थेकडून वाद्य वापरायला घेणं, हितचिंतकांच्या भागीदारीतून विकत घेणं, कर्ज काढणं, किंवा हयात कारागिराकडून नवं करून घेणं. यांतली निवड करताना आवाजाआधी एक गोष्ट तपासावी असं मला ठामपणे वाटतं: वापराची किंवा कराराची मुदत संपेल त्या दिवशी तुमच्या हातात काय असेल?

संस्थेचं वाद्य मिळणं हे भाग्यच. जपानचं निप्पॉन म्युझिक फाउंडेशन उत्तमोत्तम वाद्यं विनामूल्य वापरायला देतं. कलांना निधी देणाऱ्या कॅनडा कौन्सिलची वाद्यपेढी दर तीन वर्षांनी स्पर्धा घेऊन वाद्यं देते. जर्मनीतही तरुण वादकांसाठी असा निधी आहे. विशीतल्या वादकाला यातून जे शिकायला मिळतं त्याला तोड नाही. असं वाद्य गजाच्या (बो) बारीकशा बदलालाही उत्तर देतं, आणि वादकाचा हात त्यावर घडत जातो. मात्र विमा, देखभाल, ठरावीक तपासण्या, कधी देणगीदारांसाठी कार्यक्रम, हे सगळं करारात येऊ शकतं. आणि वाद्य परत जातं. फ्रँक पीटर झिमरमान यांच्यासारख्या जगप्रसिद्ध वादकालाही हे चुकलं नाही. ते वाजवत असलेलं १७११ सालचं स्ट्रॅडिव्हरी एका बँकेच्या मालकीचं होतं. बँक मोडीत निघाली आणि २०१५ मध्ये त्यांना ते परत करावं लागलं. पुढच्या वर्षी जर्मनीतल्या नॉर्थ ऱ्हाईन-वेस्टफालिया राज्याच्या पुढाकाराने ते त्यांच्याकडे परत आलं, पण नवख्या वादकासाठी एखादं राज्य धावून येईल ही आशा धरण्यात अर्थ नाही.

भागीदारीत काही हितचिंतक वाद्याचे हिस्से घेतात, वाद्य वादकाकडे राहतं आणि तो सवडीने हिस्से सोडवत जातो. इथे शेवटी मालकी मिळू शकते, ही मोठी जमेची बाजू. अडचण किमतीची आहे. हिस्सा परत घेताना तो मूळ भावाने की त्या दिवसाच्या भावाने, हे कागदावर नसेल तर वाद्याची किंमत वाढेल तसतसा वादक मागे पडत जाईल.

कर्जाबद्दल थोडक्यात: बिनव्याजी किंवा अल्पव्याजी योजना असेल आणि उत्पन्न नियमित असेल तरच. कार्यक्रमांच्या भरवशावर मोठा हप्ता बांधून घेऊ नये.

नव्या वाद्याकडे अजूनही तडजोड म्हणून पाहिलं जातं, याचं मला वाईट वाटतं. २०१२ मध्ये पॅरिसजवळ संशोधक क्लॉडिया फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांनी दहा नामवंत एकलवादकांना सहा जुनी आणि सहा नवी व्हायोलिनं, कोणतं कोणतं ते दिसणार नाही अशा रीतीने वाजवायला दिली. दहापैकी सहा जणांनी नवं निवडलं. नामवंत व्हायोलिनवादक ख्रिस्तियान टेट्झलाफ तर आजचे कारागीर पीटर ग्रायनर यांचं व्हायोलिन घेऊन जगभर वाजवतात. एवढ्याने जुनी वाद्यं कमी ठरत नाहीत. पण मोठ्या सभागृहात चांगलं वाजायला वाद्य तीनशे वर्षांचं असायलाच हवं, हा समज मात्र टिकत नाही. शिवाय नव्या वाद्यात खरेपणाचा वाद नसतो. जुन्याच्या प्रमाणपत्रावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. लाकडाच्या वलयांवरून लाकूड कोणत्या काळातलं ते कळतं, वाद्य कुणी घडवलं ते कळत नाही. गैरसोय एवढीच की नामवंत कारागिराकडे थांबावं लागतं, आणि वाद्याचा आवाज खुलायलाही वेळ लागतो.

ऑर्केस्ट्रात किंवा शिकवण्यात स्थिरावणार असाल, तर माझा कौल सरळ नव्या वाद्याला आहे. एकलवादनाच्या स्पर्धांकडे डोळे असतील तर संस्थेकडे अर्ज जरूर करा, पण त्याच वर्षी नव्या वाद्यासाठी पैसे बाजूला टाकायला लागा. भागीदारी त्यांच्यासाठी, ज्यांना हिस्से घेणारी माणसं आधीपासून ओळखतात. आणि कोणत्याही वाटेने जा, गजाचे पैसे वेगळे धरा. चांगला गज स्वतंत्रपणे बराच महाग असतो आणि संस्थेच्या वाद्यासोबत तो येईलच असं नाही.