ट्रिपलसाठी यीस्ट: ३७८७ की १३८८?

ट्रिपल, म्हणजे नऊ-साडेनऊ टक्के अल्कोहोलची सोनेरी बेल्जियन बिअर, घरी करायची, तर वायीस्ट कंपनीच्या या दोन यीस्टपाशी गाडी अडते. ३७८७ बेल्जियममधल्या वेस्टमालेच्या बिअर बनवणाऱ्या मठाच्या घराण्यातलं मानलं जातं, १३८८ डुव्हेल या बेल्जियन बिअरच्या. (गंमत म्हणजे डुव्हेलचं मूळ यीस्ट स्कॉटलंडहून आणलेलं!)

३७८७ जोमात आलं की आवरत नाही. फेस झाकणाला भिडतो, एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी झडप) चोंदतो. म्हणून फर्मेंटरमध्ये (बिअर आंबवायच्या भांड्यात) वर भरपूर जागा सोडा आणि एअरलॉकऐवजी जाड नळी लावून तिचं टोक पाण्याच्या बादलीत बुडवा. सुरुवात १८ अंशांवर करून तापमान हळूहळू २२-२३ पर्यंत चढू द्या. लवंग-मिरीचा झणका आणि फळांचा वास मस्त जुळून येतो. पहिल्याच दिवशी ऊब दिलीत, तर मात्र नुसता केळ्यांचा घमघमाट.

१३८८ नाशपाती-सफरचंदाकडे झुकतं, शेवट कोरडा. फिकट सोनेरी बिअरला शोभतं. पण तळाशी बसायला फार वेळ घेतं आणि मध्येच थबकल्यासारखं वाटतं. काम संपलं समजून घाईनं बाटल्या भरल्या, तर त्या फुटू शकतात.

स्टार्टर (आधी थोड्या द्रावणात वाढवून घेतलेलं यीस्ट) दोघांनाही हवाच.

माझं मत ३७८७ ला, क्वाड्रुपल या गडद, आणखी कडक बेल्जियन बिअरसाठीही. डुव्हेलच्याच वाटेनं जायचं असेल आणि थांबायचा धीर असेल, तरच १३८८ घ्या.