घरच्या आर्केड कॅबिनेटसाठी मरीन प्लाय आणि दुकानातली कटाई : फोंड्यातला अनुभव

नाणे टाकून उभ्याने खेळायचे जुने व्हिडिओ गेम घरी एका लाकडी कॅबिनेटमध्ये बसवायचे ठरवले, की बहुतेकांचे लक्ष आधी स्क्रीन, जॉयस्टिक आणि रंगीत बटणांकडे जाते. माझे मत वेगळे आहे. ज्याने यापूर्वी करवत हाती धरलेली नाही आणि ज्याचे घर गोव्यात आहे, त्याने खर्चाचा मोठा वाटा चांगल्या प्लायवर आणि तो प्लाय दुकानातल्या यंत्रावर सरळ कापून घेण्यावर घालावा. जॉयस्टिक पुढे केव्हाही बदलता येते; वाकडा बसलेला सांगाडा मात्र पुन्हा पहिल्यापासूनच बांधावा लागतो. फोंड्यातल्या एका प्लायवूडच्या दुकानातून मी साहित्य घेतले आणि तिथेच कापूनही घेतले. त्या साहित्याचे आणि त्या सेवेचे हे परीक्षण आहे.

आधी साहित्याविषयी. परदेशी आराखड्यांमध्ये बहुधा एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) सुचवलेला असतो, कारण तो स्वस्त, सपाट आणि कापायला सोपा असतो. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर घरातली हवासुद्धा दमट असते. अशा हवेत एमडीएफच्या उघड्या कडा ओल शोषून फुगतात, स्क्रूची पकड सैल होते आणि एकदा फुगलेली कड परत बसत नाही. दुकानदाराने मला प्लायच्या एमआर (ओल सोसणारी), बीडब्ल्यूआर (उकळते पाणी काही प्रमाणात सोसणारी) आणि बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारी) अशा तीन प्रती दाखवल्या. पहिल्या दोन आयएस ३०३ या भारतीय मानकाखाली येतात, तर तिसरी म्हणजे मरीन प्लाय, जिच्यासाठी आयएस ७१० हे स्वतंत्र मानक आहे. मरीन प्लायचे थर फिनॉल फॉर्मल्डिहाइडच्या सरसाने जोडलेले असतात आणि चाचणीत त्याचे नमुने ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवले जातात. मला सांगितलेल्या दरांत एमआर आणि मरीन यांच्यामध्ये जवळपास दीडपटीचा फरक होता. तो मी दिला आणि तो योग्य होता असे मला आजही वाटते, कारण एक पावसाळा बाहेरच्या पडवीला लागून असलेल्या खोलीत काढूनही कॅबिनेटच्या फळ्या सरळ आहेत आणि मागचे दार न अडकता बंद होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. उकळत्या पाण्यातली चाचणी सरसाची असते. कापलेली कड पाणी पिणारच नाही अशी हमी त्यातून मिळत नाही. त्यामुळे मरीन प्लाय घेतला तरी प्रत्येक कडेला प्रायमरचे दोन हात द्यावेत किंवा सागवानी लिपिंग (कडेवर चिकटवायची पातळ पट्टी) लावावी. वाळवीविषयीही तेच सांगता येईल. मरीन प्लायच्या थरांवर कीडप्रतिबंधक प्रक्रिया केलेली असते, तरीही आपल्याकडच्या जमिनीचा भरवसा धरू नये आणि कॅबिनेट जमिनीला टेकवण्याऐवजी रबरी पायांवर किंवा चाकांवर उभे करावे.

शीट निवडताना दुकानदाराने घाई केली नाही, हे या दुकानाचे पहिले श्रेय. प्रत्येक शीटवर आयएसआयचा शिक्का आणि त्याखाली सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासता येतो. मी काउंटरवरच तो तपासला आणि कोणाच्या कपाळाला आठी पडली नाही. त्यानंतर कडेने डोळा लावून शीट कुठे वाकली आहे का ते पाहिले, थरांमध्ये पोकळी दिसते का ते पाहिले आणि बोटांच्या पेरांनी ठिकठिकाणी वाजवून पाहिले. आत पोकळी असेल तिथे आवाज बदलतो. अठरा मिलिमीटरच्या एका शीटचे वजन ३५ ते ४० किलो भरते, त्यामुळे ती उलटीपालटी करायला दोन माणसे लागतात. दुकानाने ती दिली.

आता कटाई, जिच्यासाठी मुख्यतः हे लिहीत आहे. दुकानाच्या मागच्या शेडमध्ये सरकत्या टेबलाचा पॅनेल सॉ आहे. नवशिक्याच्या हातातल्या करवतीला सलग दोन मीटर सरळ रेषा धरणे फार अवघड असते, या यंत्राला ते सहज जमते. परंतु यंत्राचा खरा उपयोग सरळ रेषेपेक्षा सारख्या मापात आहे. कॅबिनेटच्या दोन बाजूंच्या मध्ये बसणारे सगळे आडवे भाग, म्हणजे तळ, पाठ, समोरची फळी, कंट्रोल पॅनेल (जॉयस्टिक आणि बटणे बसवायची फळी), स्पीकरची फळी आणि वरची पाटी, हे सगळे रुंदीला तंतोतंत एकच असले पाहिजेत. ते तसे असले, की कॅबिनेट जुळवताना आपोआप काटकोनात येते. त्यातला एक जरी दोन मिलिमीटरने कमी पडला, तरी स्क्रू आवळताना बाजू आत ओढली जाते आणि पुढचा प्रत्येक सांधा तो दोष पुढे नेतो. यंत्राची गाइड एकदा ६०० मिलिमीटरवर लावून बारा मिलिमीटरच्या शीटच्या दोन लांब पट्ट्या काढल्या, आणि मग त्या पट्ट्या हव्या त्या उंचीला आडव्या कापल्या, की सगळ्या भागांची रुंदी एकाच मापातून येते. कापण्याचा हा क्रम मी कारागिराला आधीच सांगितला होता आणि त्याने तो काटेकोरपणे पाळला.

मापे ठरवताना शीटचे माप आधी आणि कॅबिनेटचे नंतर धरावे. आठ बाय चारची शीट २४४० बाय १२२० मिलिमीटरची असते. कॅबिनेटची खोली ६०० ठेवली तर दोन्ही बाजूंच्या फळ्या एकाच शीटमध्ये शेजारी-शेजारी बसतात, आणि उंची १६५० ठेवली तर उरलेल्या तुकड्यातून आतला कप्पा निघतो. खोली ७०० केली, तर दुसऱ्या बाजूसाठी आणखी एक शीट घ्यावी लागते. जुन्या कॅबिनेटांची भव्यता मनात धरून मापे वाढवण्याचा मोह होतो, पण एकोणीस इंची ५:४ मॉनिटर आणि एकट्याने किंवा खांद्याला खांदा लावून दोघांनी खेळायची जागा, एवढ्यासाठी ही मापे पुरेशी आहेत.

यादी हातात घेतल्यावर यंत्रावरच्या कारागिराने पहिलाच प्रश्न विचारला, “बाब, पातं प्रत्येक कापाला तीन मिलिमीटर खातं. ते यादीत धरलंय ना?” ते धरलेले होते, तरीही त्याने पेन्सिलीने शीटवर सगळे तुकडे आखून दाखवले आणि मगच यंत्र सुरू केले. “एकदा कापलं की जोडून देता येणार नाही,” असेही तो म्हणाला. कापून आल्यावर मी घरी तुकडे एकावर एक ठेवून गुण्या लावून पाहिले, तेव्हा आडव्या भागांच्या कडा बोटाला एकसंध लागत होत्या. या कामासाठी मी या सेवेला पूर्ण गुण देतो.

तक्रारीची जागाही आहे. आडव्या कापात, म्हणजे वरच्या थराच्या रेषांना छेदून जाणाऱ्या कापात, पाते जिथे खालून बाहेर पडते तिथे काही तुकड्यांचे टवके उडाले होते. यंत्राला खालच्या बाजूने रेघ मारणारे छोटे पाते आहे, पण त्या दिवशी ते लावलेले नव्हते, आणि हे काम सुरू होण्यापूर्वी गिऱ्हाइकाला सांगायला हवे होते. कापाच्या रेषेवर कागदी चिकटपट्टी लावली तर टवके बरेच कमी होतात. ती मी दुसऱ्या शीटच्या वेळी मागून लावून घेतली. दुसरी तक्रार म्हणजे तुकड्यांवर खुणा करून दिल्या जात नाहीत. सारख्या दिसणाऱ्या फळ्यांचा गठ्ठा हाती येतो, म्हणून खडू बरोबर न्यावा आणि तुकडा यंत्रावरून उतरताच त्यावर नाव लिहावे.

या सेवेची मर्यादा बाजूच्या फळ्यांपाशी लागते. कॅबिनेटला ओळख देणारा तिरका, मध्ये आत गेलेला आकार या यंत्रावर निघत नाही. दुकान फक्त चौकोन देते. तो आकार जिग सॉने (हातात धरायच्या, वरखाली चालणाऱ्या विजेच्या करवतीने) घरीच काढावा लागतो आणि नवशिक्याला ते जमते, याची मी खात्री देतो. सहा मिलिमीटरच्या प्लायवर आधी पूर्ण मापाचा साचा काढून घ्यावा, दोन्ही फळ्यांवर तो उमटवावा आणि रेषेच्या दोन-तीन मिलिमीटर बाहेरून कापावे. नंतर दोन्ही फळ्या शिकंज्यात एकत्र आवळून कानस आणि पॉलिश पेपरने एकाच वेळी रेषेपर्यंत आणाव्यात, म्हणजे डावी-उजवी बाजू एकसारखी होते. जिग सॉचे पाते वर येताना कापते, त्यामुळे चांगली बाजू खाली ठेवावी. मरीन प्लायची धूळ प्रक्रिया केलेल्या लाकडाची असते; तोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय हे काम करू नये, आणि शक्यतो ते अंगणात करावे.

सांध्यांसाठी कोणतीही अवघड जोडणी लागत नाही. आतल्या कोपऱ्यांत इंचभर जाडीच्या लाकडी रिपा, फेविकॉल मरीन आणि आतून मारलेले स्क्रू एवढ्यावर कॅबिनेट भक्कम उभे राहते आणि बाहेरच्या बाजूंवर एकही स्क्रूचे डोके दिसत नाही. स्क्रूआधी बारीक भोक पाडावे, नाहीतर रीप चिरते. सरस ओला असतानाच दोन्ही कर्ण टेपने मोजावेत; ते सारखे आले तर काटकोन साधला. शेजारच्या मेस्तांना, म्हणजे सुतारांना, मी हे जुळवलेले खोके दाखवले, तेव्हा त्यांनी समोरच्या फळीच्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला आणि सांधा मशीनवर कापलेला आहे ना, एवढेच विचारले.

कंट्रोल पॅनेलसाठी मी बारा मिलिमीटरचा प्लाय वापरला आणि तोच वापरावा. बाजारात मिळणारी चापाची (दाबून अडकवायची) बटणे पातळ पत्र्यासाठी असतात, ती प्लायमध्ये पकड घेत नाहीत. नट आवळायची बटणे घ्यावीत. त्यांच्या भोकांचे माप काही संचांत २८ तर काहींत ३० मिलिमीटर असते, म्हणून बटण हातात येईपर्यंत होल सॉ (ड्रिलला लावून गोल भोक पाडायचे पाते) विकत घेऊ नये. भोक पाडताना खाली टाकाऊ फळी ठेवावी आणि मधले टोक पलीकडे डोकावले की फळी उलटून दुसऱ्या बाजूने भोक पुरे करावे, म्हणजे दोन्ही बाजू स्वच्छ राहतात. जॉयस्टिकचा दांडा वर पुरेसा यावा यासाठी खालून पटाशीने थोडी खाच घ्यावी लागते. १९८० च्या पॅक-मॅनला चारच दिशा लागतात, तर १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ ला आठ दिशा आणि सहा बटणे. आपण कोणता खेळ जास्त खेळणार हे ठरवूनच भोकांची आखणी करावी, कारण प्लायमध्ये पडलेले भोक झाकता येत नाही.

आतल्या इलेक्ट्रॉनिक्सबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाला ५ व्होल्ट आणि ३ अँपिअरचा पुरवठा द्यावा, मॉनिटर मागच्या १०० बाय १०० मिलिमीटरच्या भोकांत एम४ स्क्रूने फळीवर बसवावा आणि पाठीच्या फळीला वर-खाली हवेची छिद्रे ठेवावीत. जुने आर्केड खेळ संगणकावर चालवणारे, १९९७ पासून उपलब्ध असलेले मेम हे सॉफ्टवेअर मोफत आहे, परंतु खेळांचे हक्क त्यांच्या मालकांकडे असतात. ग्रिडलीसारखे काही खेळ मात्र हक्कदारांच्या परवानगीने विनामूल्य मिळतात, सुरुवात त्यांच्यापासून करावी.

व्यवहाराची माहिती अशी. दुकान अर्धी शीट विकत नाही, दर चौरस फुटावर लावतात आणि कटाईचे पैसे कापांच्या संख्येवर वेगळे घेतात. माझ्या बाबतीत ते प्लायच्या किमतीच्या मानाने इतके कमी होते की घासाघीस करावीशी वाटली नाही. यादी मिलिमीटरमध्ये, लांबी आधी आणि रुंदी नंतर, अशी लिहून न्यावी. कापलेले तुकडे छोट्या टेम्पोत सहज येतात, पण पावसाळ्यात ताडपत्री आपलीच न्यावी लागते, कारण टेम्पोवाल्याकडची फाटकी असू शकते. सकाळी दुकान उघडताच गेल्यास यंत्र मोकळे मिळते. दुपारनंतर कंत्राटदारांच्या स्वयंपाकघरांची कामे लागतात आणि दोन शीटच्या गिऱ्हाइकाला थांबावे लागते. चतुर्थीच्या आधीचे दिवस टाळावेत. त्या काळात घरोघरी डागडुजी चाललेली असते आणि यंत्रावरच्या कारागिराला तुमची यादी शांतपणे वाचायला वेळ मिळत नाही.