जॅनजुसीटस की एटिओसीटस? सेमिनारसाठी दातवाला बलीन व्हेल निवडताना

सेमिनारला बलीन व्हेलचा एखादा नामशेष नातेवाईक घ्यायचाय, तर जॅनजुसीटस घेऊ की एटिओसीटस, असं या महिन्यात दोघा ज्युनिअर्सनी विचारलं. दोघांनाही फोनवर अर्धा अर्धा तास सांगत बसले, म्हणून आता एकदाच लिहून टाकते.

आधी थोडं बेसिक. आजचा निळा देवमासा घ्या किंवा हंपबॅक, यांच्या तोंडात दात नसतात, वरच्या टाळूतून केराटिनच्या पट्ट्या खाली लोंबतात (केराटिन म्हणजे आपली नखं ज्याची असतात तेच), त्या पट्ट्या म्हणजे बलीन, आणि त्यातून पाणी बाहेर सोडून मासे, क्रिल (कोळंबीसारखे बारीक जीव) आत अडकवायचे. पण या व्हेलचं पिल्लू आईच्या पोटात असताना त्याच्या हिरडीत दातांचे अंकुर येतात आणि जन्माआधीच विरघळून जातात. म्हणजे पूर्वजांना दात होते. आपले दोन्ही उमेदवार या दातवाल्या जमान्यातले, दोघेही साधारण २.५ कोटी वर्षांपूर्वीचे.

जॅनजुसीटस ऑस्ट्रेलियाचा. व्हिक्टोरिया राज्यात जॅन जक नावाचं किनाऱ्यावरचं गाव आहे, तिथे १९९०च्या दशकाच्या शेवटी सर्फिंग करणाऱ्या एका मुलाला हे जीवाश्म सापडलं, आणि २००६ मध्ये जीवाश्मशास्त्रज्ञ एरिक फिट्झगेराल्ड यांनी त्याला जॅनजुसीटस हंडेरी नाव दिलं, त्यातलं हंडेरी त्या मुलाच्या आडनावावरून. लांबी फार तर साडेतीन मीटर, म्हणजे मोठ्या डॉल्फिनएवढा. कवटीचा फोटो बघितला की पहिल्यांदा डोळ्यांच्या खोबण्या लक्षात येतात, एवढ्या मोठ्या, मग ते आखूड, रुंद, त्रिकोणी तोंड, आणि मग दात, पुढचे सुळ्यासारखे टोकदार आणि मागचे दोन मुळांचे, कंगोरेवाले. बलीनचा काहीच पुरावा नाही. लेपर्ड सील या शिकारी सीलसारखा मोठी शिकार पकडून फाडणारा प्राणी असणार. २०१७ मध्ये अशा जुन्या व्हेलच्या दातांची धार ३डी मॉडेलवर मोजून आजच्या शिकारी प्राण्यांच्या आणि सीलच्या दातांशी ताडून बघितली, तेव्हाही हेच निघालं की हे दात कापायचे आहेत, गाळायचे नाहीत.

मग याला बलीन व्हेलच्या गटात कशाला घातलं? इथे बहुतेकजण अडकतात. गट ठरवताना बलीन आहे का एवढंच बघत नाहीत, हाडांची ठेवण बघतात. तोंडाचा बुडाशी रुंद होत गेलेला आकार आणि वरच्या जबड्याच्या हाडाची डोळ्याखाली मागे गेलेली पट्टी या खुणा बलीन व्हेलच्या, आणि त्या जॅनजुसीटसमध्ये आहेत. हनुवटी मात्र जुन्या वळणाची. स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवून बघा, खालच्या जबड्याचे दोन भाग तिथे पक्के जुळून एक झालेत. निळ्या देवमाशात तो जोड लवचिक असतो, दोन्ही बाजू वेगवेगळ्या फिरतात म्हणून तोंड तेवढं प्रचंड उघडतं. जॅनजुसीटसची हनुवटी लांब आणि घट्ट सांधलेली आहे, २०१२ मध्ये फिट्झगेराल्ड यांनी हे दाखवलं, म्हणजे वरचा जबडा आधी रुंद झाला आणि खालचा नंतर सैल झाला. मला या प्राण्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते आणि सेमिनारमध्ये ती दोन मिनिटांत कळते सगळ्यांना.

एटिओसीटस उत्तर पॅसिफिकचा. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात डग्लस एमलाँग या हौशी जीवाश्म शोधणाऱ्या माणसाला तो मिळाला आणि १९६६ मध्ये त्यानेच एटिओसीटस कॉटिलॅल्व्हियस हे नाव दिलं, पण ठेवला आर्किओसीट म्हणजे आदिम व्हेलच्या गटात. कारण दात होते ना. १९६८ मध्ये व्हॅन व्हेलन यांनी तो बलीन व्हेलकडे हलवला. नंतर जपानमधूनही जाती आल्या, त्यातल्या पॉलिडेंटेटसला तर नावाप्रमाणेच जास्तीचे दात.

याचे दात लहान आणि एकमेकांपासून लांब लांब. पण खरी गंमत टाळूत आहे. आजच्या बलीन व्हेलच्या टाळूला बारीक छिद्रं असतात, त्यांना लागून खोबणी असतात आणि त्यातून बलीनला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या जातात. २००८ मध्ये डेमेरे आणि सहकाऱ्यांनी एटिओसीटस वेल्टोनी या आणखी एका जातीच्या टाळूवर दातांच्या आतल्या बाजूला तशीच छोटी छिद्रं दाखवली आणि म्हटलं की याला दात आणि बलीन दोन्ही एकत्र होते. नंतर एकडेल आणि डेमेरे यांनी त्याच कवटीचं सीटी स्कॅन करून आतल्या नलिकांचा मार्ग काढला आणि तेच मत पुढे नेलं. सगळ्यांना हे पटलेलं नाही. छिद्रं हिरडीला रक्त पुरवण्यासाठीही असू शकतात, आणि बलीन स्वतः जीवाश्मात क्वचितच टिकतं त्यामुळे थेट पुरावा नाही. त्यात २०१८ मध्ये ओरेगॉनचाच मायाबलीना नावाचा जुना व्हेल आला, ३.३ कोटी वर्षांचा, ज्याला ना दात ना बलीनचा पुरावा, तोंडाने ओढून गिळणारा. त्या हिशोबाने आधी दात गेले, मग बलीन आलं.

वर्गीकरणात दोघांची कुळं वेगळी, जॅनजुसीटस मॅमॅलोडोंटिडीत, मॅमॅलोडॉन या ऑस्ट्रेलियन भावाबरोबर, आणि एटिओसीटस एटिओसीटिडीत. काही विश्लेषणांत एटिओसीटस आजच्या बलीनवाल्यांच्या जवळ येतो, काहींत ही दोन्ही कुळं एकाच फांदीवर बसतात. आणि प्लीज, दोघांपैकी कुणालाही "मिसिंग लिंक" म्हणू नका, हे दोघे जगत होते तेव्हा समुद्रात बिनदाती गाळून खाणारे व्हेल आधीच होते, हे बाजूच्या फांदीवरचे काका आहेत.

आता निवड. पंधरा-वीस मिनिटं असतील, समोर सेकंड इयरची मुलं असतील, तर डोळे झाकून जॅनजुसीटस घ्या, दात, डोळे, हनुवटी, तिन्ही एका फोटोत दिसतात आणि वादाची जागा कमी. शिवाय २०२५ मध्ये त्याच किनाऱ्यावरून जॅनजुसीटस डलार्डी ही नवी जात आली, जेमतेम दोन मीटरचं पिल्लू, तेही जोडता येईल.

गाईड प्रश्न विचारणारे असतील आणि पेपर वाचायला महिना असेल तर मी एटिओसीटसच घेईन, कारण दात जाऊन बलीन कसं आलं हा मूळ प्रश्न त्या छिद्रांवरच भांडला जातोय. फक्त २००८च्या पेपरपाशी थांबू नका, सीटी स्कॅनचा पेपर आणि मायाबलीना हे दोन्ही वाचूनच उभे राहा. आणि पहिली स्लाइड आजच्या एखाद्या बलीन व्हेलच्या टाळूची लावा, छिद्रं आणि खोबणी स्पष्ट दिसतील अशी, नाहीतर एटिओसीटसच्या टाळूवर तुम्ही बाण दाखवत राहाल आणि समोरच्यांना तिथे नुसते ठिपके दिसतील.